शरदातले खेळ आणि दिवाळीनंतर पुन्हा शाळा: तीन ते पाच वर्षांच्या मुलांसोबत काय काय करता?

बाल्कनीतून | ६ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. लेक चार वर्षांची आहे, ज्युनिअर केजीत जाते. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मागच्या आठवड्यात शाळेतून एक वर्कशीट घरी आलं. विषय 'ऑटम'. कागदावर मेपलचं पान, शेजारी भोपळा आणि एक बुजगावणं. पान लाल-केशरी रंगवायचं होतं. तिनं छान रंगवलं आणि कागद घेऊन बाल्कनीत गेली. बराच वेळ खाली बघत उभी राहिली आणि मग विचारलं, "आई, आपलं झाड लाल कधी होणार?"

आपलं झाड म्हणजे गेटपाशी असलेली सातवीण. पाऊस नुकताच सरलाय, पानं धुतल्यासारखी चमकतायत आणि फांद्यांच्या टोकांना फिकट हिरव्या कळ्यांचे गुच्छ धरलेत. तिला काय सांगावं ते मला सुचेना. "नाही होणार" म्हटलं असतं तर आपल्या झाडातच काहीतरी कमी आहे असं तिला वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला खाली नेलं. वॉचमनकाकांनी वाऱ्यानं पडलेल्या डहाळ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. डहाळीभोवती पानं गोल बसलेली, छत्रीच्या काड्यांसारखी. तिनं बोट ठेवून मोजली. सात. दुसरा झुबका, सात. तिसऱ्यात सहाच निघाली. मग तिनं माझं बोट पहिल्या पानावर धरून ठेवायला लावलं, म्हणजे तेच पान दोनदा मोजलं जाणार नाही. ही युक्ती तिची तिनं काढली. तरी सहाच. "हे चुकलंय," म्हणाली. चौथ्यात पाच निघाल्यावर मात्र गप्प झाली आणि तिथंच फतकल मारून सगळे झुबके मोजायला लागली. वीस मिनिटं. एरवी वर्कशीटवर दहापर्यंत आकडे गिरवताना ही मुलगी तीनदा पाणी प्यायला उठते.

तेव्हापासून मनात एकच घोळतंय. आपल्या दारातला शरद मुलांना दाखवायला हवा. पितृपक्ष संपतोय, रविवारी घट बसतील, मग दसरा, कोजागिरी, दिवाळी. या दिवसांत तुम्ही लहान मुलांबरोबर काय काय करता? घरचं, अंगणातलं, ठाणे-नवी मुंबईतल्या जागांवरचं, सगळं सांगा.

दुसरं असं की सुट्टीनंतर शाळा पुन्हा सुरू होते तेव्हा काय करता? गेल्या वर्षी ती जूनमध्ये रडली नसेल एवढी दिवाळीनंतर रडली. पहिले आठ दिवस गेटवर माझी ओढणी सोडवत नव्हती. यंदा तयारी आधीपासून करायची आहे.

नेरूळचा प्राजक्त | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला प्राजक्त आहे. या दिवसांत सकाळी सातला खाली सडा असतो. आदल्या रात्री झाडाखाली जुनी चादर अंथरून ठेवते, म्हणजे फुलांना चिखल लागत नाही. सकाळी बस यायच्या आधी दहा मिनिटं मुलगा आणि मी फुलं वेचतो.

प्राजक्ताचं फूल जोरात धरलं की पाकळी लगेच काळवंडते. त्यामुळे मुलगा आपोआप अंगठा आणि तर्जनीच्या हलक्या चिमटीत धरायला शिकला. पुढे पेन्सिल धरायला हीच चिमूट लागते. ओवायला सुई देत नाही, झाडूतला नारळाचा हीर देते. देठ पोकळ असतो, हीर अलगद आरपार जातो. एका हिरावर दहा फुलं बसतात, असे तीन हीर देवाजवळ ठेवायचे.

उरलेल्या फुलांचे केशरी देठ खुडून वाटीभर कोमट पाण्यात टाकायचे. आधी पाणी नुसतं पिवळसर दिसतं, मग हळूहळू केशरी होत जातं. मुलगा वाटीवरून नजर हलवत नाही. त्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून जाड कागदावर रंगवायचं किंवा पांढरा रुमाल रात्रभर भिजत ठेवायचा. रुमाल सुकल्यावर त्याचा जो हळदीसारखा रंग येतो, तो त्यानं स्वतः फुलातून काढलेला असतो. आमचा तो रुमाल आता रोज डब्याबरोबर शाळेत जातो.

कोपरीकर | ७ ऑक्टोबर, दुपारी १:०५

आमच्याकडेही अगदी तसंच वर्कशीट आलं होतं! बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, छापील पुस्तकाप्रमाणे महिन्याचा विषय येतो, त्यांच्या हातात फार नसतं. बाईंना दोष नाही द्यायचा मला, एका वर्गात तीस मुलं सांभाळतात. वाचतेय, लिहीत राहा सगळे.

माई नौपाडा | ७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

बाल्कनीतून, अगं तुझ्या लेकीनं बोट धरून ठेवायला लावलं ना, ती फार मोठी गोष्ट आहे. एका पानाला एकच आकडा, याला आम्ही एकास एक संगती म्हणायचो. मूल शंभरपर्यंत पाठ म्हणतं पण ताटातल्या पुऱ्या मोजताना एक पुरी दोनदा मोजतं, तेव्हा त्याला अंक आलेले नसतात, नुसते शब्द आलेले असतात. तिला अंक आले.

मी एकतीस वर्षं ठाण्यात बालवाडीत शिकवलं. माझ्या उमेदीच्या काळात आम्ही कोसबाडला जाऊन आलो होतो. तारीख आठवत नाही, पण तिथली मुलं डोळ्यांसमोर आहेत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तेव्हा तो सगळा भाग आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता, पालघर जिल्हा वेगळा झाला २०१४ मध्ये. शहरातली महागडी शैक्षणिक साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? मग खडे, शिंपले, बिया, पानं, माती, काड्या हीच साधनं झाली. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीनं त्याच्या अंगणात जायचं, हा त्यांचा विचार. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला आणि १९७५ साली सरकारी योजनेनंही तोच उचलला. म्हणून सांगते, सातवीणीखाली फतकल मारून बसण्यात काही कमीपणा नाही. आपल्या जिल्ह्यातली बालशिक्षणाची परंपराच ती आहे.

आता नवरात्राचं. रविवारी घट बसवताना परडीतली मूठभर माती आणि थोडे गहू लेकीसाठी वेगळे ठेव. दोन वाट्या कर. एक खिडकीत ठेव, एक कपाटात अंधारात. दोन्हींना रोज सारखंच पाणी, चमच्यानं, तिच्याच हातानं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसतील. मग रोज एक दोरा घेऊन कोंबाएवढा कापायचा आणि कागदावर ओळीनं चिकटवायचा. पट्टी नको, सेंटिमीटर नको. नऊ दिवसांचे दोरे शेजारी शेजारी लागले की वाढ म्हणजे काय ते मुलाला डोळ्यांनी दिसतं.

नवव्या दिवशी कपाट उघड. अंधारातले कोंब जास्त उंच असतील, पण पिवळे आणि लोळलेले. देव्हाऱ्यातल्या घटाचं धान्यही अंधारामुळेच पिवळं येतं. हिरवा रंग उजेडात तयार होतो, हे त्या एका वाटीनं शिकवलं तेवढं मला फळ्यावर कधी शिकवता आलं नाही.

भोंडला तर आहेच. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, अशी चढती रीत ठेवा. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरताना मुलं किती गाणी झाली ते बोटांवर धरतात. आणि खिरापत ओळखणं हा तर उत्तम खेळ. मोठ्यांसारखं नुसतं ओरडून ओळखायला लावू नका. डबा झाकलेला ठेवा, आधी हलवून आवाज ऐकवा, मग झाकण किलकिलं करून वास, मग डोळे मिटून जिभेवर कणभर. गोड की तिखट, कुरकुरीत की मऊ, ओलं की कोरडं, असे शब्द मुलाच्या तोंडून येऊ द्या. चार वर्षांच्या मुलाची भाषा अशी वाढते.

एक काळजी घ्या. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर बिया, मणी, खडे त्याच्या हाती लागू देऊ नका. तोंडात जातात, घशात अडकतात.

सानपाडा | ७ ऑक्टोबर, रात्री ९:२०

माईंच्या शेवटच्या ओळीला जोडून. आपल्याकडे रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि बागांच्या कुंपणाला कण्हेर आणि पिवळी बिट्टी खूप आहे. बिट्टीची फळं मुलांना खेळायला फार आवडतात, पण बिट्टी आणि कण्हेर दोन्ही विषारी आहेत. एरंडाच्या बिया आणि लाल-काळी गुंजसुद्धा. गुंज दिसते मण्यासारखी, म्हणून जास्त भीती. आम्ही घरात एकच नियम केलाय: जे वेचायचं ते आधी मोठ्या माणसाला दाखवायचं, मग पिशवीत. आणि सातवीणीचा चीक हाताला लागला तर हात धुवायचे. तिचा बहर ऐन भरात असताना दम्याच्या मुलांना उग्र वासाचा त्रास होऊ शकतो, तेवढं बघा.

खाडीकाठ | ८ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

ऐरोलीहून लिहितोय. मुलगा साडेतीन वर्षांचा. आमच्याकडे या महिन्यात फुलपाखरं.

ग्रिलमध्ये कढीपत्त्याची कुंडी आहे. गेल्या ऑक्टोबरात बायको फोडणीसाठी पानं तोडायला गेली आणि तिला एका पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली. पुसायला गेली तर ती हलली. ती अळी होती, कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची. लहानपणी ती मुद्दाम तशी दिसते, म्हणजे पक्षी खात नाहीत. आम्ही त्या कुंडीतली पानं तोडायची थांबवली आणि मुलाला रोज सकाळी दाखवायला लागलो. काही दिवसांनी कात टाकून ती हिरवीगार झाली, पानासारखीच. मुलानं काडीनं अगदी हलकं डिवचलं तर डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर आली आणि विचित्र वास सुटला. तो दचकला, आणि मग तिला 'शिंगवाली' म्हणायला लागला. कोष झाल्यावर आम्ही भिंतीवर रोज एक टिकली लावायचो. बाराव्या टिकलीला सकाळी कोष फुटला. पंख ओले, चुरगळलेले. ती काळी-पांढरी जोडी सुकायला आणि पसरायला तासभर लागला. तेवढा वेळ मुलगा मांडी घालून बसला होता.

दुसरा कोष मुंग्यांनी खाल्ला. मुलगा रडला. आम्ही खोटं सांगितलं नाही, नवीनही आणून ठेवला नाही. मुंग्यांनाही भूक लागते एवढंच सांगितलं आणि तो रिकामा कोष त्यानं स्वतः कुंडीत पुरला. याचाही उपयोग झाला असं आम्हाला वाटतं.

बाहेर जायचं तर घोडबंदरच्या बाजूला ओवळेकर वाडीचं फुलपाखरू उद्यान आहे. पाऊस ओसरल्यावर सकाळी नऊनंतर, ऊन जरा तापलं की फुलपाखरं बाहेर पडतात. राज्याचं फुलपाखरू नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन. २०१५ साली महाराष्ट्रानं ते जाहीर केलं. दिसलं तर मुलं नाव विसरत नाहीत. लहानांना घेऊन जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, पाणी आणि फक्त एक शोध: 'आज पिवळं शोधायचं'. दहा गोष्टी एकदम दाखवायला गेलं की एकही बघत नाहीत.

आमच्या ऐरोलीत वनखात्याचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्रही आहे, खाडीत बोटीनं फेरी असते. पण फ्लेमिंगो बघायचे तर आत्ता घाई नको. ते नोव्हेंबरपासून यायला लागतात, मोठे थवे थंडी पडल्यावर. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर पाणथळीचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. मुलाला मी तेवढंच सांगतो की हे पाहुणे दुरून जेवायला येतात, म्हणून आपण खाडीत कचरा टाकायचा नाही.

दूरदेशीची | ८ ऑक्टोबर, रात्री ११:५५

मी मूळची चरईतली, गेली सहा वर्षं न्यू जर्सीत. तुमच्या वर्कशीटमधलं सगळं इथं खिडकीबाहेर आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. इथं शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते आणि महिनाभरात झाडं रंग बदलतात. दिवस लहान होतात, थंडी वाढते, पानातला हिरवा रंग मोडत जातो आणि आत आधीपासूनच असलेला पिवळा उघडा पडतो. लाल मात्र बऱ्याच झाडांत त्या वेळी नव्यानं तयार होतो. माझ्या मुलीच्या बालवर्गात मुलं अंगणातली पानं गोळा करून आणतात, रंगांप्रमाणे ढीग करतात, कागदाखाली ठेवून वरून खडू आडवा फिरवतात आणि शिरा उमटवतात. लाल, पिवळं, हिरवं अशी तीन सफरचंदं चाखून कुणाला कुठलं आवडलं त्याचे ठोकळे रचतात. भोपळा कापून आतल्या बिया मोजतात.

इथं हे खरंच शिकणं आहे, कारण भोपळा शेतातून मुलानं स्वतः उचलून आणलेला असतो. ठाण्यातल्या मुलानं यातला मेपल घेऊ नये, पद्धत घ्यावी. बिया मोजायच्या तर आपल्याकडे आत्ता सीताफळाचे दिवस आहेत! फोडण्याआधी प्रत्येकानं अंदाज सांगायचा, किती बिया निघतील. मग खाऊन मोजायच्या. माझी आजी हे करायची, तिला कुणी ॲक्टिव्हिटी म्हणून शिकवलं नव्हतं. फक्त बी चावायची नाही आणि बियांच्या हातानं डोळे चोळायचे नाहीत, एवढं बघा.

आणि आपल्या देशी बदामाची पानं थंडीत सुंदर लाल होतात. बाल्कनीतून, तुझ्या लेकीला लाल झाड जानेवारी-फेब्रुवारीत नक्की दाखव.

वाशी | ९ ऑक्टोबर, रात्री १०:१०

सगळ्यांचं छान आहे, मनापासून सांगते. पण मी साडेसातला घरी पोचते, नवरा नऊला. मुलगी सासूबाईंकडे असते, त्यांचे गुडघे दुखतात, खाली उतरत नाहीत. आमच्या सेक्टरमध्ये झाड म्हटलं की पार्किंगमधला एक अशोक. हे सगळं वाचून मी काहीच करत नाही असं वाटायला लागलं. फी भरून शाळेत घालतो तर शाळेनंच हे करायला नको का?

माई नौपाडा | १० ऑक्टोबर, सकाळी ६:५०

वाशी, शाळेनं करायला हवंच, तुझं बरोबर आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून शिकण्याचाच सांगितलाय. पालकसभेत हे जरूर बोल, चार आयांनी मिळून बोललं की ऐकतात. पण अपराधी वाटून घेऊ नकोस. मुलीला तुझी दहाच मिनिटं पण पूर्ण मिळाली तर पुरतात.

मटार सोलायला दे. कोथिंबीर निवडायला दे. धुतलेले कपडे आपले-आजीचे-बाबांचे असे तीन ढीग करायला दे, मोज्यांच्या जोड्या लावायला दे. वर्गीकरण शिकवायला वेगळं साहित्य लागत नाही. आजींनी बसल्या जागी कणकेचा गोळा द्यावा आणि चकलीच्या सोऱ्यातून मुलीनं तो दाबून काढावा. बोटांत जोर येतो, आणि अक्षर गिरवायच्या आधी तो यायलाच हवा.

गच्चीवरून | १० ऑक्टोबर, सकाळी ९:३०

वाशी, तुमच्यासाठी चंद्र. साडेसात ही अगदी बरोबर वेळ आहे. घटस्थापना प्रतिपदेला. दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी पश्चिमेला बारीक कोर दिसेल, मग ती रोज वाढत जाऊन कोजागिरीला पूर्ण. एका जुन्या कॅलेंडरच्या मागे पंधरा गोल काढून ठेवा, वाटी ठेवून. रोज रात्री खिडकीतून बघून मुलीनं दिसेल तेवढा भाग पिवळा रंगवायचा. ढग असले तर त्या गोलात ढग काढायचा. रोजची दोन मिनिटं.

कोजागिरीनंतर चंद्र रोज साधारण पाऊण तासाहून जास्त उशिरा उगवतो, म्हणून लहानांना रात्री दिसत नाही. पण आठवड्याभरानं सकाळी बसस्टॉपवर अर्धा चंद्र दिवसाउजेडी डोक्यावर असतो. मुलांना तो पहिल्यांदा दाखवाल तेव्हा त्यांचा चेहरा बघा. मग भाऊबीजेला संध्याकाळी पुन्हा बारीक कोर, म्हणजे चक्र पूर्ण.

वाशी | १० ऑक्टोबर, रात्री ११:००

गोल काढून ठेवले. धन्यवाद. सासूबाईंनीच वाटी आणून दिली.

बाल्कनीतून | १४ ऑक्टोबर, रात्री १०:००

सीताफळ झालं! दूरदेशीची, खूप खूप आभार. बाबांचा अंदाज वीस, माझा तीस, लेकीचा 'शंभर आणि पाच'. निघाल्या त्रेचाळीस. मोजताना पंधरानंतर तिचा गोंधळ व्हायला लागला, तेव्हा इडलीपात्र काढलं. एका खळग्यात पाच बिया, भरला की पुढचा. आठ खळगे भरले आणि तीन उरल्या. त्या तीन बिया तळहातावर घेऊन ती घरभर फिरली, "ह्यांना अजून दोन मैत्रिणी हव्यात" म्हणत. मी तिला बेरीज शिकवली नव्हती.

गव्हाच्या दोन्ही वाट्या ठेवल्यात. कपाट उघडायचं नाही म्हणून तिनं त्यावर चिकटपट्टी लावलीय.

किल्लेदार काका | १६ ऑक्टोबर, दुपारी ३:४५

दिवाळीचा किल्ला विसरू नका. आमच्या पाचपाखाडीच्या इमारतीत दरवर्षी होतो. मोठी मुलं बुरूज आणि मावळे सांभाळतात आणि चिमुरड्यांना हाकलून देतात, ते मला पटत नाही. चार वर्षांच्यांना तीन कामं द्या: माती चाळणं, पाणी शिंपडणं आणि अळीव पेरणं. किल्ला हिरवा दिसावा म्हणून अळीव किंवा मोहरी पाच-सहा दिवस आधी पेरावी लागते. अळीव आधी बशीत भिजवा. थोड्या वेळात प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत थेंब तयार होतो. मुलांनी तो बोटावर घेऊन बघावा, मग उतारावर थापावा. तो थेंब दाण्याला मातीवर धरून ठेवतो, म्हणून अळीव उतारावरही तगतो.

बाल्कनीतून | २२ ऑक्टोबर, रात्री ९:४५

माई, कपाट उघडलं. आतले कोंब फिकट पिवळे, लांब, एकमेकांवर आडवे पडलेले. खिडकीतले आखूड, हिरवे, ताठ. लेक दोन्ही वाट्या शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत होती. म्हणाली, "हे घाबरून उंच झाले." मग स्वतःच ती वाटी खिडकीत नेऊन ठेवली. आज तिसऱ्या दिवशी पिवळ्यांना हिरवी छटा आलीय.

दसऱ्याला जांभळी नाक्यावर आपट्याच्या नावानं पानं घेतली. घरी आल्यावर कळलं की निम्मी कांचनाची आहेत. दोन्ही पानं मधोमध दुमडली की दोन अर्धे एकमेकांवर तंतोतंत बसतात, पण कांचनाचं पान मोठं. लेकीनं दुमडून, उलगडून, खडूनं छाप घेऊन आजोबांना तो सोनं म्हणून दिला. पुढच्या वर्षी पानं विकत घ्यायची नाहीत, कागदावरचे छापच वाटायचे असं ठरवलंय. झाडं ओरबाडलेली बघवत नाहीत.

आता मुख्य प्रश्न. सुट्टीनंतरच्या शाळेचं सांगा ना कुणी.

माई नौपाडा | २३ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

तेच लिहायला बसले. जूनमध्ये सगळंच नवं असतं, मूल बावरलेलं असतं पण उत्सुकही असतं. दिवाळीनंतर तसं नसतं. घर कसं गोड आहे ते त्याला पक्कं कळलेलं असतं. फराळ, पाहुणे, आई घरात, उशिरा उठणं. ते सोडून जायचं म्हणून रडू येतं. शाळा वाईट आहे म्हणून नाही. त्यामुळे "रडू नकोस, शाळा किती छान" असं सांगून उपयोग होत नाही.

माझ्या वर्गात एक गोष्ट कायम उपयोगी पडली. सुट्टीनंतर शाळेत न्यायला मुलाच्या हातात स्वतःचं काहीतरी हवं. विकत घेतलेलं नको, त्यानं केलेलं. रिकाम्या हातानं येणारं मूल आईचा पदर धरतं. ज्याच्या हातात दाखवायचं काही असतं, त्याला बाईंपर्यंत पोचायची घाई असते.

दसऱ्याचं तोरण टाकलं नसशील तर झेंडू सुकू दे. सुकलेलं फूल उघड, प्रत्येक पाकळीच्या टोकाला काळी बारीक काडी असते, तेच बी. आठवड्याभरात पेर. दिवाळी उलटून शाळा उघडेपर्यंत हातभर नाही तरी बोटभर रोप होईल. ते शाळेत जाईल.

आणि डब्याची तालीम. सुट्टीत रोज एक वेळचं खाणं शाळेच्याच डब्यातून दे. झाकणाची खिटी मुलीला स्वतः उघडता येते का, बाटलीचं बूच फिरवता येतं का, बघ. कितीतरी मुलं शाळेत रडतात ती डबा उघडत नाही आणि बाईंना सांगता येत नाही म्हणून. झोपायची वेळ शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात रोज पंधरा-वीस मिनिटं मागे आण. 'शाळा-शाळा' खेळा, बाई तिला होऊ दे आणि तू मूल हो. वर्गात काय चालतं, तिला कशाची भीती वाटते, ते तिच्या तोंडून आपोआप येईल. त्या वेळी काही विचारू नकोस, फक्त खेळ.

गेटवर निरोप छोटा असू दे. न सांगता पळून मात्र जाऊ नकोस.

कोपरीकर | २३ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

डब्याच्या खिटीचं वाचून उठले आणि मुलाला डबा दिला. खरंच उघडत नाहीये त्याला! जूनपासून तो डबा परत का आणत होता ते आज कळलं. आजच साधा झाकणाचा डबा आणते.

बाल्कनीतून | २४ नोव्हेंबर, दुपारी ४:२०

काल शाळा उघडली. सविस्तर लिहिते, कारण हे सगळं तुमच्यामुळे झालं.

तोरणातल्या फुलांतल्या वीस बिया तिनं मोजून पेरल्या, नारळाच्या करवंट्यांमध्ये. कितीतरी पोचट निघाल्या असाव्यात, उगवली सहा रोपं. त्यातलं एक कबुतरानं उपटलं. उरलेल्या पाचांना तिनं रोज चमच्यानं पाणी घातलं. 'शाळा-शाळा' खेळताना ती बाई झाली तेव्हा मला दरडावून म्हणाली, "बाथरूमला आत्ता नाही जायचं." तिथं मला गेल्या वर्षीचं रडणं उलगडलं. शाळेत बाईंशी शांतपणे बोलले. त्यांनी लगेच सांगितलं की मधल्या वेळेआधी त्या स्वतः तिला विचारतील.

काल सकाळी बाहेर पडताना ओठ थरथरत होते. पण दोन्ही हातांत करवंटी होती, त्यामुळे माझी ओढणी धरायला हात मोकळा नव्हता. गेटवर मावशींनी विचारलं, "काय आणलंस गं?" तिनं सांगितलं, "झेंडू. दसऱ्याचा. माझा." आणि आत गेली. वळून बघितलं एकदा.

बाईंनी रोप वर्गाच्या खिडकीत ठेवलंय. आज आणखी दोन मुलांनी कुंड्या आणल्यात असं लेक सांगत होती. बाईंनी मला निरोप पाठवलाय, सातवीणीची पडलेली एक डहाळी वर्गात मोजायला मिळेल का म्हणून. बहर सरत आलाय पण पानं भरपूर आहेत, उद्या घेऊन जाते.

वाशी | २४ नोव्हेंबर, रात्री ८:०५

किती छान! आमचे चंद्राचे पंधरा गोल पूर्ण झाले, चार ढगांचे आहेत. आज त्रिपुरी पौर्णिमा, म्हणून मुलगी आत्ता आजीला खिडकीशी घेऊन बसलीय. तो गोलांचा कागद शाळेत नेला तर चालेल का, असं तीच विचारत होती.

खाडीकाठ | २४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

न्या, नक्की न्या.

आमच्या कढीपत्त्यावर पुन्हा तीन अळ्या आहेत, दोन हिरव्या आणि एक अजून विष्ठेसारखी. एका कुंडीला पानं पुरणार नाहीत. ज्यांच्या घरी कढीपत्ता किंवा लिंबाचं रोप आहे आणि त्यावर औषध मारलेलं नाही, त्यांनी सांगा. रविवारी सकाळी ऐरोली स्टेशनला डहाळीसकट आणून देतो.